चटईवर सहा जागा

वावरला पावसाळी रात्री वीज गेली की इशानंतर आम्ही चटई अंथरतो, कंदील लावतो आणि ‘स्पिरिट आयलंड’ मांडतो. आर. एरिक रॉइस यांचा २०१७ चा हा कल्पित बेटाचा खेळ. कुणी नदी होतो, कुणी वीज. सगळे मिळून बेट बळकावणाऱ्यांना हाकलायचे. जिंकलो तर सगळे, हरलो तरी सगळे.

पण मूळ खेळ चौघांचा आणि आम्ही सहा जण. दादी आणि धाकटी नुसत्या बघत बसायच्या.

‘ब्रांच अँड क्लॉ’ ही पहिली पुरवणी आणली. घटनांची पत्ती, श्वापदे, रोगराई आली, डाव रंगला. पण वाचायचे वाढले आणि बघणाऱ्या दोघी लवकर झोपू लागल्या.

मग २०२० ची ‘जॅग्ड अर्थ’ घेतली. तिच्यात दहा नव्या शक्ती आहेत. आम्ही मात्र दोन जादा भूभाग मोजले: आता सहा जण बसतात. डाव लांबतो, कधी अर्धाच राहतो. पत्ती इंग्रजीत; धाकटी ती दादींच्या कानात मराठीत सांगते.

पुरवणीने पेटी किती भरली यापेक्षा चटई किती भरली, हे आम्ही आता पाहतो.

परवा हरलो. सहाही जण!