जत, जट आणि जमैका

सातारच्या एसटी स्टँडवर कराडच्या गाडीत माझ्या पुढच्या सीटवर एक पोरगा येऊन बसला. वीस-एकविशीचा असेल. डोक्यावर सुतळीएवढ्या जाडीच्या पन्नासेक जटा, मागं रबरात अडकवलेल्या, आणि सॅकला लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचा बिल्ला. कंडक्टरनं तिकिटाचं मशीन हातात धरूनच त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "काय जोगत्या, कुठं?" सगळी गाडी हसली. पोरगाही हसला. "कराड. आणि जोगत्या न्हाई ओ मी, ड्रेडलॉक्स हायत हे."

मी निघालो होतो जतला, यल्लमादेवीच्या यात्रेला. म्हणजे देवीला सोडलेल्या जोगत्यांकडंच. तेव्हा त्या पोराशी बोलणं भाग होतं. पुण्यात एका दुकानात सहा तास बसून त्यानं त्या जटा करून घेतल्या होत्या, क्रोशाच्या सुईनं. बॉब मार्ली त्याला तोंडपाठ. मात्र बिल्ल्यावरचे रंग इथिओपियाचे आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगत गेलो, तो एका कानातला इअरफोन काढून ऐकत राहिला.

२ नोव्हेंबर १९३० रोजी इथिओपियात रास तफारी मकोन्नेन या सरदाराला राज्याभिषेक झाला आणि त्यानं हैले सेलासी हे नाव घेतलं. ही बातमी पार तिकडं कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटावर पोचली. गुलामांची नातवंडं-पतवंडं तिथं उसाच्या मळ्यांत राबत होती. त्यांच्यातल्या काहींना वाटलं, बायबलात सांगितलेला आपला राजा, आपला देव आला. रास म्हणजे सरदार, तफारी हे नाव. त्यावरून पंथ झाला रास्ताफारी. केसांना वस्तरा लावायचा नाही, हा बायबलातल्या व्रतस्थांचा नेम त्यांनी उचलला. मांस वर्ज्य, मीठ बेतानं, अन्न शक्यतो मातीतून येईल तसं. गोऱ्यांची जुलमी दुनिया म्हणजे 'बॅबिलॉन'. बोलण्यात 'आम्ही' नाही, 'तू आणि मी' नाही. त्याऐवजी 'आय अँड आय', मी आणि मी. समोरच्यातही तोच देव, मग 'तू' म्हणायचं कुणाला? हे ऐकून साताऱ्याच्या माणसानं चकित व्हायचं कारण नाही. आषाढीच्या वारीत लोणंद-फलटणच्या रस्त्यावर कलेक्टरपासून कुणब्यापर्यंत जो तो एकमेकाला 'माउली' म्हणतो आणि एकमेकाच्या पाया पडतो, त्याचं व्याकरण हेच आहे.

कराडला पोरगा कृष्णेच्या पुलाकडं गेला. मी वाट थोडी वाकडी करून किल्ले मच्छिंद्रगड गाठला. शिवाजी महाराजांनी १६७६ च्या सुमारास बांधलेला हा लहानसा गड. वर तोफा-बुरुजांपेक्षा मच्छिंद्रनाथाच्या देवळाचीच सत्ता. पायऱ्या चढून गेलो तर ओवरीत दोन नाथपंथी बसलेले, जटा डोक्यावर चुंबळीसारख्या वळलेल्या. "आदेश," मी म्हणालो. "आदेश," उत्तर आलं. नाथपंथात नमस्काराचा शब्द हाच. चिलमीच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळलेली होती. ती माझ्याकडंही आली, मी हात जोडले. आपल्याकडं १९८५ च्या कायद्यानं गांजा बंद आहे आणि माझी छातीही आता पहिल्यासारखी राहिलेली नाही.

गंमत अशी की रास्ता माणूस या वस्तूला गांजाच म्हणतो. चिलमीचाही शब्द तिकडं गेला. १८३८ पर्यंत गुलामगिरी संपली, मळ्यांना मजूर कमी पडले, तेव्हा इंग्रजांनी हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले. पहिलं जहाज जमैकाला १८४५ साली लागलं. १९१७ पर्यंत सुमारे छत्तीस हजार माणसं गेली. बहुतेक भोजपुरी मुलखातली. त्यांच्या गाठोड्यांतून शब्द गेले, देव गेले, कदाचित जटाही. कदाचित म्हणतो, कारण काही अभ्यासक रास्तांच्या जटा हिंदी साधूंच्या म्हणतात, काही केनियातल्या माऊ माऊ बंडखोरांच्या. पंथाच्या आद्य प्रचारकांपैकी लिओनार्ड हॉवेल स्वतःला 'गंगुंगुरू महाराज' अशा थाटाचं नाव लावत असे, हे मात्र नक्की. आपण त्यांना महाराज पाठवला. त्यांच्याकडून आपल्याकडं आफ्रिकेचा बाओबाब आला, तो जमैकामार्गे नव्हे, पण आला. आणि त्या पोट सुटलेल्या परदेशी झाडाला मराठी माणसानं नाव दिलं गोरखचिंच. देणंघेणं फिटलं.

ताकारीला रेल्वे धरून मिरज, मिरजेहून एसटीनं जत. कवठे महांकाळ मागं पडलं की ऊस संपतो, माळ लागतो, पाट्यांवर आणि बोलण्यात कानडी मिसळायला लागते. हा सगळा मुलूख १९४९ साली सातारा जिल्हा तोडून 'दक्षिण सातारा' झाला. सांगली हे नाव १९६० चं. जत त्याआधी डफळ्यांचं संस्थान होतं. याच तालुक्यातल्या उमराणीपाशी प्रतापराव गुजरांनी १६७३ साली बहलोलखानाचं पाणी तोडलं आणि मग त्याला जाऊ दिलं. त्या मेहेरबानीची किंमत पुढं नेसरीला जीव देऊन भरली. डिसेंबरात माळावरून जाताना घसा कोरडा पडला की पाणी तोडणं म्हणजे काय ते नीट कळतं.

मार्गशीर्षात जतची यात्रा. एका अंगाला खिलार बैलांचा बाजार, दुसऱ्या अंगाला देऊळ. भंडाऱ्यानं माती पिवळी झालेली, चौंडक्याचा तो घशातून काढल्यासारखा आवाज, आणि परड्या घेतलेल्या जोगतिणी. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन. एका भिंतीच्या सावलीला एक म्हातारी बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारला आणि जट मांडीवर घेतली, झोपलेलं पोर घ्यावं तशी. एकच जट, मनगटाएवढी जाड, टोकाला चपटी झालेली. हळद-कुंकवाची पुटं चढून ती केसांची राहिलीच नव्हती; हात लावला तर ओल्या घोंगडीच्या काठासारखी लागली. वास हळदीचा, तेलाचा, घामाचा. मान डावीकडं कललेली. कुशीवरच निजते म्हणाली, पाठीवर निजता येत नाही.

"कवा आली?"

"नव्या-धाव्या वर्साला. आई म्हणली, देवीनं हाक मारली. मंग सोडलं मला."

'सोडलं' या एका शब्दात सगळं आलं. पोरीच्या केसांत गुंता झाला, विंचरला नाही, धुतला नाही, वर तेल आणि हळद पडली की तो घट्ट होतो. न्हाव्याला ठाऊक असलेली गोष्ट. पोलंडमध्येही दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी असली जट कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो असं मानत. तिथं डॉक्टरांनी मागं लागून ती मोडून काढली. आपल्याकडं मात्र तिला देवीचा शिक्का मिळाला. आणि मी आजवर पाहिलेले शिक्के गरिबांच्या, बहुतेक दलितांच्याच घरांत पडलेले पाहिले. वाड्यातल्या लेकीचा गुंता फणीनं सुटतो. झोपडीतलीचा देवीलाच हवा असतो.

देवाला मुली सोडण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ ला कायदा झाला. जत तेव्हा संस्थान होतं, म्हणजे त्या कायद्याबाहेर. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. महाराष्ट्राचा नवा कायदा २००५ चा. कायद्यांपलीकडं एकेका डोक्यापाशी बसून बोलण्याचं काम अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी केलं. १९८९ साली समिती काढणारे नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, डॉक्टर झाले मिरजेला. समितीचं वार्तापत्र निघतं सांगलीतून. म्हणजे जिथं जटेचा धाक पसरला त्याच पट्ट्यातून कात्रीही निघाली. कार्यकर्ते जट फुकट कापून देतात, पण बळजबरी करत नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९६३ साली जमैकात कोरल गार्डन्सच्या दंगलीनंतर पोलिसांनी रास्तांना पकडून त्यांच्या जटा कापल्या होत्या. तो अपमान तिकडं अजून कुणी विसरलेलं नाही.

सांगलीच्या गोकुळनगरातल्या बायकांची संघटना, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, आमची कीव करू नका असं ठणकावून सांगते. त्यांच्यात देवीला सोडलेल्या अनेक जणी आहेत. त्यांचंही म्हणणं ऐकूनच मी म्हातारीपुढं तोंड उघडलं. उपदेश केला नाही. फक्त सांगितलं की समुद्रापार एक बेट आहे, तिथं बाप्ये जटा राखतात. देवासाठीच राखतात, कुणापुढं मान वाकवायची नाही म्हणून राखतात. आपल्या साताऱ्याच्या गाडीतही एक पोरगा भेटला, त्यानं पैसे देऊन करून घेतल्यात.

"पैसं दिऊन?" ती पहिल्यांदा हसली. मग जटेवरचा भंडारा झाडत विचारलं, "आन् नको झाल्या तर?"

"कापतात."

"काय हुत न्हाई त्यास्नी?"

"काही नाही."

बराच वेळ ती बैलांच्या बाजाराकडं बघत राहिली. "मंग त्या जटा न्हाईत," म्हणाली. "केस हायत."

जट परत मांडीवरून उचलून तिनं पदराखाली घेतली.

तुमच्या आळीत एखाद्या पोरीच्या केसांत गुंता दिसला, तर पहिल्या आठवड्यात वाटीभर खोबरेल तेल आणि मोठ्या दातांची फणी पुरते. वर्षानं कात्री लागते, आणि कात्रीच्या आधी घरातल्या सगळ्यांशी तासन् तास बोलावं लागतं. तेव्हा पहिल्या आठवड्यातच जा.