धमकी शब्दात नसते तेव्हा



माढ्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका पोरानं परवा विचारलं, "दादा, थ्रेटनिंगली म्हणजे काय?" मी म्हणालो, "धमकावून." त्यानं पुस्तकातलं वाक्य पुढं केलं : तो दारात 'थ्रेटनिंगली' उभा राहिला. आता धमकावून बोलता येतं, धमकावून उभं कसं राहणार? आपण म्हणतो दम देऊन, दरडावून. हे सगळं तोंडाचं. इंग्रजीतलं हे क्रियाविशेषण मात्र उभं राहण्याला, बघण्याला, हसण्यालाही लागतं. आपल्या पोरांकडं त्याच्या जवळ जाणारा एक शब्द आहे : खुन्नस देऊन. पण तो फिर्यादीत कोण लिहितो?

काही वर्षांपूर्वी एका तरुणासोबत मी तक्रार द्यायला गेलो होतो. वाटेत गाडी आडवी लावून चौघांनी त्याला थांबवलं होतं. एकजण खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जयंती मोठी करताय म्हणं यंदा? करा की." एवढंच. शिवी नाही, जातीचं नाव नाही. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, "यात धमकी कुठंय?" कागदावर फक्त वाक्य उतरलं. आडवी गाडी, चौघं, खांद्यावर दाबलेला हात, अंधार, सगळं गळालं. कागद वाचला तर वाटावं, चौकशीच केली बिचाऱ्यानं.

कायदा इतका भाबडा नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 मध्ये धमकी 'कोणत्याही मार्गाने' दिलेली चालते. मात्र इजेची धमकी आणि घाबरवण्याचा हेतू दिसावा लागतो. ॲट्रॉसिटी कायद्यातही नुसता अपमान नाही, अपमानित करण्याच्या हेतूनं धाक घालणंही गुन्हा आहे. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेपुढं मांडलेल्या मागण्यांत तर बहिष्काराइतकीच बहिष्काराची धमकीही गुन्हा ठरवा म्हटलं होतं. त्यासाठी आधार घेतला 1922 च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. किराणा बंद, मजुरी बंद करण्याआधी गाव कसं बघतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

म्हणून फिर्याद देताना 'काय म्हणाला' एवढ्यावर थांबू नका. कुठं उभा होता, किती जण होते, वाट कशी अडवली, हात कुठं होता, कोण बघत होतं, हे सांगा आणि लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. आम्ही त्या दिवशी सही करून बाहेर आलो होतो.