गिल्डमधली उसनवारी

चि. ओंकार,

ऑनलाइन खेळातल्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघात, मदत एकतर्फी होऊ लागते ती बहुधा हिशेबात न येणाऱ्या कामात. लुटीच्या वाटणीची सोय खेळाडूंनी फार आधी लावली होती. 1999 साली आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये लेडी वॉक्स आणि लॉर्ड नागाफेन या ड्रॅगनांना मारायला मोठा जमाव लागे, हाती येणाऱ्या वस्तू मात्र मोजक्याच. त्यातून ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ म्हणजे डीकेपी निघाले: रेडला, म्हणजे अशा सामूहिक मोहिमेला, हजर राहून गुण कमवायचे आणि ते खर्चून वस्तू घ्यायची. 2004 च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये 40 जणांच्या रेडनाही अनेक गिल्डांनी हीच पद्धत लावली.

रेडच्या आधीची मेहनत मात्र या गुणांत सहसा धरली जात नसे. फ्लास्कचे, म्हणजे ताकद वाढवणाऱ्या औषधाच्या बाटलीचेच पाहावे. जुन्या ‘वॉरक्राफ्ट’मध्ये त्याचा असर 2 तास टिके, मेल्यावरही उतरत नसे, म्हणून अवघड बॉसपुढे तो हवाच असे. त्यासाठी ब्लॅक लोटस हे दुर्मीळ फूल लागे. ते मोजक्या प्रदेशांत, एका वेळी फार थोडे उगवे, आणि दुसरा कोणी आधी पोचला की फेरी वाया. मग अल्केमिस्टने, म्हणजे औषधे बनवणाऱ्या खेळाडूने, स्कॉलोमान्ससारख्या डंजनच्या आतल्या प्रयोगशाळेपर्यंत जाऊन फ्लास्क बनवायचा. एवढे झाल्यावर रेडच्या तोंडावर गिल्ड चॅटमध्ये कोणीतरी विचारतो, “एखादा जास्तीचा आहे का?” तो लबाड असतो असे नाही. त्याला तयार बाटली दिसते, तिच्यात गेलेली संध्याकाळ दिसत नाही. पण दर आठवड्याला तोच मागू लागला की देणारा आधी गप्प होतो, मग ऑनलाइन येणेच कमी करतो. गिल्डचे खरे नुकसान हे, गेलेले फ्लास्क नव्हे.

नोव्हेंबर 2007 मध्ये ‘वॉरक्राफ्ट’मध्ये गिल्ड बँक आली. त्याआधी सामाईक माल कोणाच्या तरी जास्तीच्या कॅरेक्टरवर ठेवत. तो माणूस गेला की मालही गेला. बँकेत प्रत्येक रँकने दिवसाला किती काढायचे ते ठरवता येते, आणि कोणी काय ठेवले, काय नेले याची नोंद दिसते. म्हणून नेहमी लागणारे सामान बँकेतूनच द्यावे. नोंद सगळ्यांसमोर असली की कोणाला टोकावे लागत नाही. मर्यादा ऑफिसरांच्या मित्रांनाही तीच हवी; गळती बरेचदा तिथूनच सुरू होते.

याबाहेरची मदत ज्याच्या-त्याच्या मर्जीची. ती देताना भेट आहे की हातउसने, हे तिथल्या तिथे बोलून घ्यावे. परतफेड त्याच वस्तूत हवी असा हट्ट नको. नवख्याकडे गोल्ड नसते, पण तो वनस्पती वेचून आणू शकतो, रेडसाठी अन्न शिजवू शकतो. तेवढेही न करणाऱ्याशी ऑफिसरने व्हिस्परवर, म्हणजे खासगी संदेशात, बोलावे, चारचौघांत कधीच नाही. नकाराचा वाईटपणा एकट्या अल्केमिस्टवर ढकलणे अन्यायाचे आहे. हे नियम लागू होण्याआधी जे दिले गेले ते सोडून द्यावे. त्या वेळी कोणी काही ठरवलेच नव्हते, त्यामुळे त्याची वसुली कोणाकडूनही मागता येत नाही.

तुझा,
मामा