देहूच्या वाटेवर एक जुना बोलपट

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याकडून पश्चिमेला निघाले की प्रभात रस्ता लागतो. दुतर्फा जुनी झाडे, आत सरकलेले बंगले आणि त्यांच्या जागी वर चढत चाललेल्या नव्या इमारती, असे त्याचे आजचे रूप आहे. हे नाव या रस्त्याला कोणा पुढाऱ्यावरून किंवा पेशव्यावरून मिळालेले नाही. एका चित्रपट कंपनीवरून मिळालेले आहे. चित्रपटाच्या धंद्याकडे सभ्य घरे नाक मुरडीत असत, त्या काळात एका कंपनीचे नाव शहराच्या रस्त्याला चिकटावे आणि पुढे कायम राहावे, यातच ‘प्रभात’चे मोठेपण आले.

आम्हा पाच-सहा बडोदेकरांना या रस्त्यावर आणणारे कारण मात्र अगदी घरगुती होते. आमच्या मंडळात तुकाराम बीजेच्या निमित्ताने ‘संत तुकाराम’ हा १९३६ सालचा बोलपट दाखवावा, अशी सूचना आली होती. ज्येष्ठांनी माना डोलावल्या. तरुण पालकांनी मात्र शंका काढली. आमच्या दांडिया बाजार-रावपुऱ्याकडील मुलांना मराठी कळते, पण ते स्वयंपाकघरापुरते. शाळेत गुजराती किंवा इंग्रजी, मित्रांत हिंदी. अशा मुलांना मोठ्या मिनतवारीने बसवायचे आणि ती अर्ध्या तासात कंटाळून उठली, तर पुढच्या वर्षी मराठी कार्यक्रमाला ती पाऊलही टाकणार नाहीत. प्रश्न रास्त होता. नव्वद वर्षांच्या घरात आलेला हा बोलपट आज खरोखर पाहण्याजोगा आहे, की आपण केवळ त्याच्या कीर्तीलाच नमस्कार करीत आहोत? पुण्याला एका लग्नाला जायचेच होते. तेव्हा ‘प्रभात’ची वास्तू पाहावी, बोलपट पुन्हा एकवार सलग पाहावा, आणि मग देहूला जाऊन यावे, असा बेत आम्ही आखला.

‘प्रभात’चा जन्म १९२९ साली कोल्हापुरात झाला. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे पाच भागीदार. १९३३ साली कंपनी पुण्याला आली आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत तिचा स्टुडिओ उभा राहिला. १९५३ साली कंपनी बंद झाली; १९६० साली त्याच आवारात सरकारी चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही जवळच, विधी महाविद्यालय रस्त्यावर आहे. प्रशिक्षण संस्थेचे आवार येणाऱ्याजाणाऱ्याला सरसकट खुले नसते. आम्हाला एका परिचितांच्या ओळखीने परवानगी मिळाली. उंच छपराचा तो जुना चित्रीकरण-मंडप पाहताना आमच्यातील वडीलधाऱ्यांचा आवाज आपसूक खाली आला. तेथील विद्यार्थ्यांना मात्र त्याचे काहीच वाटत नव्हते. कोणी तारा ओढीत होते, कोणी दिवे हलवीत होते, कोणी चहा पीत भांडत होते. वास्तू जिवंत राहते ती अशीच, हे पाहून आम्हाला बरे वाटले.

‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला तो दामले आणि फत्तेलाल या जोडीने. दोघेही कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. दामले ध्वनीचे जाणकार, फत्तेलाल कलादिग्दर्शक. कंपनीत एकाला ‘दामलेमामा’ म्हणत, तर दुसऱ्याला ‘साहेबमामा’. एक चित्पावन आणि एक मुसलमान अशा दोन मामांनी मिळून देहूच्या वाण्याची कथा पडद्यावर आणली, ही गोष्ट आमच्या पिढीला सांगावीशी वाटत नसे, इतकी ती तेव्हा स्वाभाविक होती. आज ती मुद्दाम सांगितली पाहिजे.

बोलपटाची कीर्ती वाचकांच्या कानांवर असेलच. मुंबईत तो एकाच चित्रगृहात वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. परंतु पदके पाहून मुले खुर्चीत बसून राहत नाहीत. म्हणून त्या रात्री कोथरुडला आमच्या यजमानांच्या दिवाणखान्यात तो आम्ही लावला, तेव्हा मनात कौतुक बाजूला ठेवून परीक्षकाची बैठक घेतली. आमच्यापैकी एकांची तेरा वर्षांची नात सोबत होती. तिला कोणी काही सांगायचे नाही, असे ठरले होते.

प्रथम उणे सांगतो. आजच्या डोळ्यांना बोलपटाची चाल संथ वाटते. सालोमालो हा खलपुरुष नाटकातल्यासारखा डोळे फिरवतो; त्याचे कपट पहिल्याच प्रवेशात कळून चुकते. चमत्कारांचे प्रसंग त्या काळी थक्क करणारे असतील; आता त्यांतील जोडकाम उघडे दिसते. कीर्तनाला बसलेल्या शिवाजी महाराजांना शत्रूपासून वाचविण्यासाठी देव एकाचे अनेक शिवाजी करतो, त्या प्रसंगी आमची नात चक्क हसली. शिवाय तुकोबांच्या आयुष्यातील कितीतरी कठोर भाग येथे मऊ झाला आहे. दुष्काळाने मोडलेले घर, अन्नावाचून गेलेली पहिली पत्नी, दांभिकांना सरळ शब्दांनी सोलून काढणारी वाणी, यांची धग विष्णुपंत पागनिसांच्या सात्त्विक मुद्रेत फारशी जाणवत नाही. ज्याला गाथेतला धारदार तुकाराम हवा, त्याने गाथाच उघडावी. चंद्रकांत कुलकर्णी यांचा २०१२ सालचा ‘तुकाराम’ या बाबतीत अधिक जागरूक आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

आता अधिक. आरंभीच एक विलक्षण योजना आहे. तुकोबा अभंग म्हणतात तो साधा, चालत्या श्वासाचा. तीच रचना सालोमालो आपली म्हणून गातो तेव्हा ती नाटकी ताना-मुरक्यांनी सजलेली असते. शब्द तेच, पण एकात भाव आहे आणि दुसऱ्यात प्रदर्शन. संगीत दिग्दर्शक केशवराव भोळे यांनी खरे आणि खोटे यांतील भेद भाषणाशिवाय, केवळ चालीतून कानांना पटवून दिला आहे. ज्या मुलांना अभंगाचा अर्थ अर्धाच कळतो, त्यांनाही हा भेद कळतो. आमच्या नातीला तो कळला. शांताराम आठवले यांनी या बोलपटासाठी रचलेले एक पद तर तुकोबांचेच समजून लोक आजही म्हणतात. एका कवीने स्वतःला इतके पुसून टाकावे, याहून मोठी दाद कोणती?

परंतु हा बोलपट आज पाहावा तो मुख्यतः आवलीसाठी, असे आमचे स्पष्ट मत झाले. गौरी या नटीने रंगविलेली ही तुकोबांची बायको म्हणजे कजाग स्त्रीचे ठरीव चित्र नव्हे. ती म्हैस धुते, पोरांना दटावते, नवऱ्यावर तोंड सोडते आणि त्याच तोंडाने त्याला जेवायला बोलावते. मूल आजारी पडते, घरात दाणा नसतो, तेव्हा ती पोराला ओढीत देवळात नेते आणि हातात पायताण घेऊन विठोबालाच जाब विचारते. नवऱ्याला ज्या देवाने नादी लावले, त्याच्याशी तिचे भांडण उघड आहे. तुकोबा महाराजांकडून आलेला नजराणा परत पाठवितात. आपण त्यांच्या निःस्पृहतेला वंदन करतो, परंतु कॅमेरा आवलीलाही विसरत नाही.

याच ठिकाणी नातीने आजीला विचारले, “आजी, पण तिचं काय चुकलं? मुलांना जेवायला नको का?”

आजी काही बोलण्याआधीच यजमानीणकाकू म्हणाल्या, “काही नाही गं चुकलं. तिच्यामुळेच तर ते घर चाललं.”

खोलीत क्षणभर शांतता पसरली. बसलेल्यांपैकी प्रत्येकाला आपल्या घरातील कोणी ना कोणी आवली आठवली असावी. आमच्या आधीच्या पिढ्या नोकरीसाठी, संस्थानाच्या आश्रयाला बडोद्यास आल्या. पुरुषांनी नाटके केली, ग्रंथालये काढली, गणपती बसविले. त्यांची नावे मंडळांच्या फलकांवर आहेत. पोळ्या लाटून, दागिने मोडून, परक्या भाषेतल्या भाजीवालीशी हुज्जत घालून ज्यांनी ते सारे निभावले, त्यांची नावे कोठेही नाहीत. बोलपटातील तुकोबा खरे आहेत आणि आवलीही खरी आहे. दिग्दर्शकांनी दोघांपैकी कोणालाही खोटे पाडले नाही. अखेरीस तुकोबा वैकुंठाला जातात आणि आवली लेकरांसह पृथ्वीवर मागे राहते. विमान दिपवते खरे, परंतु मनात उरते ती खाली उभी असलेली बाई.

दुसऱ्या दिवशी देहू. पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरची वाट आता जवळजवळ अखंड वस्तीतून जाते. पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि गगनचुंबी सदनिका गावाच्या वेशीला येऊन भिडल्या आहेत. पडद्यावरचे देहू फत्तेलालांच्या कलाविभागाने उभारलेले, नीटस आणि निवांत; खऱ्या देहूत फुलवाले, टाळ-मृदंगांची दुकाने, वाहनतळ आणि गर्दी आहे. विठ्ठल-रखुमाईच्या देवळातील शिळेपुढे एक शेतकरी जोडपे बराच वेळ डोके टेकून होते. वह्या इंद्रायणीत बुडविल्यावर तुकोबा १३ दिवस ज्या शिळेवर अन्नपाण्यावाचून बसले, ती हीच, असे परंपरा सांगते. नदीकाठच्या गाथा मंदिरात चार हजारांहून अधिक अभंग भिंतींवर कोरलेले आहेत. बुडविलेली वाणी दगडावर आली. मात्र जिने ती तारली त्या इंद्रायणीचे पाणी आज नितळ राहिलेले नाही, हे पाहून मन विषण्ण होते.

उन्हे कलताना भंडारा डोंगर चढलो. येथे तुकोबा एकांतात नामस्मरण करीत आणि आवली त्यांच्यासाठी भाकरी घेऊन येई. एकदा तिच्या पायात काटा रुतला, तेव्हा तो काढायला स्वतः विठ्ठल आला, अशी आख्यायिका आहे. ज्याच्यावर पायताण उगारले त्यानेच पाय हातात घेतला! चढ फार मोठा नाही, तरी गुडघे बोलू लागतात. वाटेत नात म्हणाली, “ती रोज यायची इथे? डोक्यावर जेवण घेऊन?” आदल्या रात्रीचा बोलपट तिच्या मनात अजून चालू होता, याची आम्हाला तेव्हा खात्री पटली.

तर, वाचकहो, ‘संत तुकाराम’ आजही पाहावा काय? अवश्य पाहावा. मात्र देव्हाऱ्यात बसवून नव्हे, तर घरच्या गोष्टीसारखा पाहावा. अनुभवावरून चार सूचना करतो. आधी दहा मिनिटे कथा सांगावी, म्हणजे भाषा अडत नाही. सव्वादोन तासांच्या आतला हा खेळ मध्ये विश्रांती ठेवून दोन भागांत दाखवावा. मुले चमत्कारांना हसली तर हसू द्यावीत. त्याने तुकोबांना उणेपणा येत नाही. आणि खेळ संपल्यावर वडीलधाऱ्यांनी भाषण करू नये. मुलांना आवलीविषयी एक प्रश्न विचारावा व उत्तरे मराठीत, मोडक्यातोडक्या का होईना, ऐकून घ्यावीत.

परतल्यावर आम्ही मंडळाला आमचे मत कळविले. फाल्गुन वद्य द्वितीयेला खेळ ठरला आहे. आरंभी कथा सांगण्याचे काम नातीने मागून घेतले आहे, आणि ती सुरुवात तुकोबांपासून न करता आवलीपासून करणार आहे.