मुद्रा कोणाची?

चाळीस वर्षांहून जुनी गोष्ट आहे. मुदखेडाहून उमरीच्या अंगाला एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. सहाव्या दिवशीची कीर्तनसेवा माझ्याकडे आली होती. कीर्तन रंगात आले. ब्रह्म एक असून जग अनेक कसे दिसते, हे सांगता सांगता मी ओघात म्हणालो, "जगद्गुरू तुकोबाराय काय म्हणतात?" आणि 'आधी बीज एकले' हे पद लावले. लहानपणापासून रेडिओवर ऐकलेले, साऱ्यांच्या ओठांवरचे पद. टाळकऱ्यांनी उचलून धरले, मांडव डोलू लागला.

कीर्तन संपले, आरती झाली. लोक पाया पडून निघाले. सर्वांत शेवटी एक म्हातारे टाळकरी आले. कोरडवाहू शेतकरी, अंगात बंडी, गळ्यात तुळशीची माळ. हात जोडून हळूच म्हणाले, "महाराज, ते बीजाचं पद गाथ्यात कुठं हाय वो? धा-बारा पारायणं झाली माजी, मला तर कुठं घावलं नाही."

मी काय उत्तर दिले असेल? "नीट बघा बाबा, सापडेल." ते मान डोलावून गेले. ते दोन शब्द मला आजही टोचतात. कारण मी स्वतः कधी पाहिलेच नव्हते.

त्या रात्री कंदील जवळ ओढून गाथा उघडला. साडेचार हजारांहून अधिक अभंगांची सूची आधी बोटाने, मग डोळे ताणून पाहिली. पद नव्हते. मग मनातल्या मनात ते पद शेवटपर्यंत म्हटले आणि चमकलो. शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' नाही! शेकडो वेळा गायलो, पण मुद्रा नाही हे एकदाही ध्यानात आले नव्हते. चालीने कान भरले की डोळे मिटतात, ते असे.

पुढे जाणत्यांना विचारले तेव्हा उलगडा झाला. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 1936 साली 'संत तुकाराम' हा बोलपट काढला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकोबांचे काम विष्णुपंत पागनीसांनी केले. हे पागनीस त्याआधी नाटकांत स्त्रीभूमिका करीत. त्या बोलपटात खरे अभंग आहेतच. पण प्रसंगाला हवे म्हणून हे एक पद शांताराम आठवले यांनी लिहून दिले, आणि केशवराव भोळ्यांनी त्याला चाल दिली. 1937 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या बोलपटाचा गौरव झाला. इकडे पद मात्र पडद्यावरून उतरले ते थेट देहूच्या वाटेला लागले. बीजाचा दृष्टांत संतवाणीतला, सिद्धांत वेदान्ताचा, म्हणायला पागनीसांसारखा तल्लीन माणूस. लोकांनी ते तुकोबांच्या पदरात टाकले. मीही टाकले.

यातला नवल वाटण्याजोगा भाग पुढेच आहे. त्याच बोलपटात सालोमालो आहे. तुकोबांचे अभंग घेऊन त्यांवर आपले नाव घालणारा. तो केवळ पडद्यावरचा नव्हे; तुकोबांनी गाथ्यात त्याचे नाव घेऊन त्याला फटकारले आहे. बोलपट पाहून आपण सालोमालोवर दात-ओठ खाल्ले आणि त्याच बोलपटातले आठवल्यांचे पद तुकोबांच्या नावावर चढवले. सालोमालोने तुकोबांची मुद्रा पुसली; आम्ही दुसऱ्याच्या शब्दांवर ती उमटवली. हेतू वेगळा, पण दोन्हीकडे ज्याचे त्याला मिळाले नाही.

तेव्हापासून गाणे ऐकले की आधी उगम शोधण्याची खोड लागली. 'इंद्रायणी काठी' ऐकताना कितीजण समजतात की हा नामदेवरायांच्या काळचा अभंग असावा! ते ग. दि. माडगूळकरांचे गीत. 1953 साली आलेल्या 'गुळाचा गणपती' या पु. ल. देशपांड्यांच्या विनोदी चित्रपटातले, गायलेले पंडित भीमसेन जोशींनी. हसवायला निघालेल्या चित्रपटातून माउलींच्या समाधीचे गीत यावे, ही त्या विठोबाचीच लीला.

उलटही घडते. विंचवाचे भारूड लोक करमणुकीचे गाणे समजतात. शाळेच्या गॅदरिंगला, ऑर्केस्ट्रात त्यावर हशा पिकतो. ते पैठणच्या नाथमहाराजांचे. विंचू म्हणजे काम-क्रोध आणि उतारा सत्त्वगुणाचा. पण पुढचे चरण गाळले की त्यातले जनार्दनस्वामींचे नावही गळते. मग उरतो तो नुसता विंचू. विष उतरवणारा गुरूच राहत नाही.

आणि आपल्या दाराशी काय आहे? शिर्डीत रोज म्हटली जाणारी 'शिर्डी माझे पंढरपूर' ही आरती देशभर गेली. शेवटी 'गणू'ची मुद्रा आहे. हजारो तोंडे ती उच्चारतात, पण गणू कोण हे थोड्यांना ठाऊक. ते दासगणू महाराज. मूळचे इंग्रज अमदानीतले पोलीस शिपाई, पुढे कीर्तनकार झाले, आणि त्यांचे गोरटे हे गाव आपल्याच उमरी तालुक्यात आहे. मुदखेडाहून गाडीत बसले की घटकाभराची वाट. मुद्रा असूनही आपण विचारीत नाही, तर नसलेल्याची काय कथा!

मग ही गीते गाऊ नयेत का? गावीत, प्रेमाने गावीत. आठवले, माडगूळकर यांनी आपल्या संतांवर जीव लावला म्हणून ती उतरली. परंतु प्रेम निराळे आणि प्रमाण निराळे. नारदाच्या गादीवर उभे राहून 'तुकोबाराय म्हणतात' असे म्हटले की ती साक्ष होते. साक्ष चुकीची देऊ नये. संतांनी शेवटी नाव घातले ते मिरवण्यासाठी नव्हे. या बोलाची जबाबदारी माझी, असे सांगण्यासाठी. ज्याचे बोल त्याचे नाव घेणे हे त्याचे ऋण मानणेच होय.

पुढच्या वर्षी त्याच गावचे बोलावणे आले. निरूपणाला सुरुवात करण्यापूर्वी मी सांगितले, "मागच्या सप्ताहात या गादीवरून मी चुकीचे बोललो. ते पद तुकोबारायांचे नाही, शांताराम आठवले यांचे आहे. एका टाळकऱ्याने विचारले तेव्हा मी त्यांनाच गाथा पाहायला सांगितले. पाहायला मी हवे होते." मांडव गप्प झाला. मी खाली उतरलो आणि टाळकऱ्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्यांच्या पायांवर डोके ठेवले. त्यांनी लगबगीने मला उठवले आणि तेच माझ्या पाया पडले.

"माउली," एवढेच म्हणाले, आणि टाळ सावरून उभे राहिले. "चला, अभंग लावा. गाथ्यातला."