अल्फारेटाची वीज कोणाची?

पाहुण्यांना अटलांटा दाखवायचा आमचा कार्यक्रम ठरलेला आहे. कोकाकोलाचे संग्रहालय, मार्टिन ल्यूथर किंग यांचे घर आणि येताना देऊळ. श्रीरामपूरहून मामा आले तेव्हा मात्र सगळा बेत विजेच्या बिलाने बिघडवला!

टपाल चाळताना मामांच्या हाती आमचे सॉनी ई.एम.सी.चे बिल लागले. "अरे, ही तर सोसायटी! तुम्ही मेंबर आहात?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. हो, असू बहुधा. सभेच्या सूचना येतात, त्या आम्ही कुपनांबरोबर केराच्या डब्यात टाकतो. मागे एकदा बिलातून काही डॉलर वजा झाले होते. आम्हाला वाटले, कंपनीची चूक! मामांनी कपाळावर हात मारला. "शिल्लक राहिली की सभासदांच्या नावे जमा करतात आणि पुढे परत देतात, एवढंही माहीत नाही?"

मामा स्वतः मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचे सभासद. १९६९च्या सुमारास भारतात प्रयोग म्हणून पाच ग्रामीण वीज संस्था निघाल्या. त्यांतली एक ही आणि एक बेळगाव जिल्ह्यात हुकेरीला. सल्ला अमेरिकन सहकारी वीज संस्थांचा. म्हणजे मामांच्या विहिरीवरच्या मोटारीचे मूळ इकडचे!

मग काय, शनिवारी कोकाकोला रद्द आणि मामांना घेऊन आम्ही बफर्ड धरणाच्या रस्त्याला लागलो. वीस-पंचवीस मैलांची वाट. आज जिथे मॉल आणि कचेऱ्या आहेत तिथे एकेकाळी कपाशी होती. अल्फारेटा तेव्हा मिल्टन काउंटीचे मुख्य गाव होते. बोंडअळी आली, मग मंदी आली आणि १९३२ साली आख्खी काउंटी फुल्टनमध्ये विलीन झाली. असल्या विरळ वस्तीत खांब रोवणे खाजगी कंपन्यांना परवडत नसे. जॉर्जियातल्याच वॉर्म स्प्रिंग्जला अध्यक्ष रूझवेल्ट यांची एक झोपडी होती. तिथला विजेचा दर युनिटला १८ सेंट, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या घरच्या दराच्या चौपट! ही हकीकत त्यांनी १९३८ साली याच राज्यात बार्न्सव्हिलच्या सभेत सांगितली. तोवर १९३५ पासून सरकारी कर्ज काढून शेतकरी आपल्या सोसायट्या उभारू लागले होते. आमची सॉनीही १९३८चीच.

गंमत पुढेच आहे. धरणाची वीज केंद्र सरकारची. पायथ्याशी बफर्ड गाव, तिथे वीज नगरपालिकेची. अल्फारेटातल्याच काही घरांना जॉर्जिया पॉवरची, म्हणजे भागधारकांची. आणि आमची सहकारी. मामा म्हणाले, "आपल्याकडे तरी काय वेगळं? मुंबईत टाटा, बेस्ट आणि बोर्ड तिन्ही होतेच की!" "मग तुम्ही कोणाची घ्यायची ते ठरवता?" या प्रश्नावर मात्र आम्ही खजील झालो. बाजारपेठेचा एवढा डांगोरा पिटणाऱ्या या देशात आमच्या घराला निवड नाही. १९७३च्या कायद्याने हद्दी वाटून दिल्या आहेत. निवड आहे ती गॅसमध्ये, १९९७च्या कायद्याने. नळी तीच, गॅस तोच, फक्त बिलावर नाव कोणाचे ते आपण ठरवायचे!

धरणावर मामा बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे होते. १९५० साली इथे काम सुरू झाले, त्याच हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रवरा कारखान्याचे पहिले गाळप झाले, हे त्यांना पाठ होते. मुळा-प्रवराचा विषय आम्हीच काढला. शेतीपंपांची थकबाकी, बोर्डाची देणी, मग २०११ साली परवाना महावितरणकडे. "चूक कोणाची?" आम्ही विचारले. "मीटर न बसवणाऱ्याची, बिल न भरणाऱ्याची, मत मागायला येऊन माफी देणाऱ्याची," मामा म्हणाले. मग जरा थांबून, "आणि सभेला जाऊन चहा पिऊन परत येणाऱ्याची. त्यात मी होतो."

घरी आल्यावर त्यांनी सांगितले, संस्थेच्या शेअरचा दाखला अजून ट्रंकेत आहे, आजीच्या पाटल्यांच्या पावतीबरोबर. "तुमचा सभासद क्रमांक काय?" रात्री जेवणे राहिली बाजूला, आम्ही दोघे कागदांचे खोके उपसत बसलो.