विनंती की मागणी?

एमएमटीएस. हैदराबादच्या लोकलचं नाव इतकं कोरडं आहे की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती एखादी प्रवेशपरीक्षाच वाटली. मल्टी-मोडल ट्रान्सपोर्ट सिस्टम. आम्ही वसईची माणसं नुसतं ‘गाडी’ म्हणतो. ‘कितीची गाडी?’ एवढं विचारलं की पुरे, समोरच्याला विरार फास्ट की स्लो तेही कळतं. हैदराबादी माणूस मात्र ती चारही अक्षरं एका दमात म्हणतो आणि पुढे बहुतेक वेळा जोडतो, ‘आती तो आती, नै तो नै.’

२०२५ च्या मे-जूनमध्ये मी दोन महिने हैदराबादला होते. माधापूरच्या बाजूला शालेय पुस्तकं करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात इंटर्नशिप मिळाली होती आणि राहायला मावशीचं घर होतं, अलवालला. मावशी नर्स आहे. लग्न होऊन वसई सोडली त्याला सव्वीस वर्षं झाली. काका तेलुगू कॅथलिक, त्यामुळे घरात जेवताना तीन भाषा आणि मिस्सेला चौथी. दक्खनी कानावर पडली की मला मजा वाटायची. ‘नक्को’, ‘मैंच’, ‘अब्बीच’. आपला ‘नको’ आणि आपला ‘च’ इतक्या लांब येऊन असे सुखात नांदताहेत!

ही गाडी सुरू झाली ९ ऑगस्ट २००३ ला. तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी उद्घाटनाला होते. तेव्हाचं अखंड आंध्र सरकार आणि रेल्वे यांनी खर्च अर्धा-अर्धा उचलला. सुमारे ४३ किलोमीटर, सिकंदराबादहून एक फाटा फलकनुम्याला, दुसरा लिंगमपल्लीला, शिवाय नामपल्ली. गंमत अशी की यासाठी वेगळे रूळ टाकलेच नाहीत. आधीच्या रुळांवर स्टेशनं वाढवली, गाड्या आणल्या. लिंगमपल्लीचा मार्ग म्हणजे १८७४ साली सुरू झालेली वाडी-सिकंदराबाद लाइन, निजामाच्या काळातली. फलकनुम्याला जाताना लागणारं काचीगुडा हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, मनमाडची गाडी तिथूनच सुटते. म्हणजे त्याच रुळांवरून एक्सप्रेस जाणार, मालगाडी जाणार आणि मधल्या फटीत लोकल. लांबची गाडी आली की लोकल थांबते. घरातल्या धाकट्या सुनेसारखं, सगळ्यांचं झालं की मग हिनं जेवायचं.

दुसरा टप्पा २०१२-१३ मध्ये मंजूर झाला. या वेळी दोन तृतीयांश राज्याचे, एक तृतीयांश रेल्वेचे. मग राज्याचा वाटा किती आला, किती थकला यावर वर्षानुवर्षं वाद. मधल्या काळात राज्यच बदललं, तेलंगणा झालं. मावशीच्या अलवालवरून मेडचलला जाणारी एमएमटीएस सुरू झाली ८ एप्रिल २०२३ ला. मौला अलीहून सनतनगरला, म्हणजे सिकंदराबादच्या गर्दीत न शिरता पलीकडे नेणारा मार्ग त्यानंतर आला, मार्च २०२४ मध्ये. दहा वर्षांत माणसं घरं घेतात, मुलं शाळेतून कॉलेजात जातात, आणि ज्यांना गाडी हवी होती ते तोवर दुचाकीचे हप्तेही फेडून मोकळे होतात.

मला खरं म्हणजे इथेच गोम वाटते. कोविडच्या आधी एमएमटीएसच्या रोज सुमारे १२० फेऱ्या व्हायच्या आणि दीड लाखाच्या आसपास माणसं जायची. मार्च २०२० मध्ये सगळं बंद पडलं, ते सुरू झालं २३ जून २०२१ ला, आणि थोड्याच फेऱ्यांनी. आता मार्ग लांबलेत, पण मेडचलच्या बाजूला दोन गाड्यांमध्ये तासाचं, कधी त्याहून जास्त अंतर असतं. प्रवासी घटले म्हणून फेऱ्या वाढवता येत नाहीत, हे एक मत. फेऱ्या नाहीत म्हणून प्रवासी घटले, हे दुसरं. दोन्ही मतं आकड्यांवरच उभी आहेत. पण आकडा मोजतो तो तिकीट काढलेल्याला. प्लॅटफॉर्मवर वीस मिनिटं उभं राहून ऑटोला हात केला, त्या बाईची नोंद कुठे होते?

म्हणून मी एक उद्योग केला. छोटी वही घेतली आणि डब्यात जो बोलेल त्याचं एकेक वाक्य लिहायचं ठरवलं. सर्वेक्षण वगैरे नाही हं, साहित्याच्या विद्यार्थिनीला वाक्यं गोळा करायची खोड असते, तेवढंच. (आईला फोनवर सांगितलं, ‘लोकमत गोळा करतेय’, तर ती म्हणाली, ‘रद्दी कशाला?’)

सकाळच्या गाडीत सगळ्यात बोलक्या असायच्या त्या हाउसकीपिंगच्या बायका. काचेच्या इमारतींमध्ये साहेब येण्याआधी लाद्या पुसून झाल्या पाहिजेत, म्हणून पहाटेच निघणाऱ्या. त्यांचं म्हणणं एकच, तिकीट पाच-दहा रुपये आहे ते तसंच ठेवा, एसी नको, मेट्रो नको, हीच गाडी अर्ध्या तासाला द्या. एक सिक्युरिटी गार्ड मात्र म्हणाला, जास्त नकोत, आहेत तेवढ्याच वेळेवर सोडा. ‘टाइम मालूम रैना. बस.’ आर्ट्स कॉलेज स्टेशनवर उतरणाऱ्या उस्मानियाच्या मुलीला रात्रीची शेवटची गाडी उशिरापर्यंत हवी होती आणि बायकांच्या डब्यात पोलीस. एका आजोबांना छापील वेळापत्रक हवं होतं, मोबाइलमधलं नको. हायटेक सिटीला उतरणाऱ्या सगळ्यांचं एकमत असायचं ते वेगळ्याच गोष्टीवर. स्टेशनचं नाव हायटेक सिटी, पण हायटेक सिटी तिथून पुढे, ऑटोनं! गाडीचं तिकीट कमी आणि त्या शेअरिंग ऑटोचे पैसे जास्त. ‘मल्टी-मोडल’ नावातलं वचन तिथे फुटपाथवर उभं असतं. मेट्रोचं कार्ड वेगळं, रेल्वेचं तिकीट तेव्हा यूटीएसवर, बसचं कंडक्टरच्या मशीनमधून.

माझ्या वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मात्र गाडीतलं नाही. अलवालच्या एका किराणा दुकानदाराचं आहे. त्याला विचारलं, एमएमटीएसबद्दल काय वाटतं, तर तो तांदूळ मोजता मोजता म्हणाला, ‘चलती क्या अब्बी?’ त्याच्या दुकानापासून स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे.

आमच्या वसईत लोकमत कसं दिसतं ते मी लहानपणापासून ऐकत आलेय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईची चळवळ, टँकर, बिल्डर, मोर्चे, हे आमच्याकडे आजी-आजोबांच्या गप्पांमध्ये असतं. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात माणसं घोळक्यानं उभी राहतात आणि पाणी, बस, रस्ता यांवर बोलतात. सिकंदराबादच्या सेंट मेरीज बॅसिलिकाबाहेरही घोळके होते, तेलुगू, तमिळ, इंग्लिश, आणि आम्ही दोघी मराठी. पण तिथं लोकलवर कोणी बोलत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या वाहनाची किल्ली बोटात फिरवत होता.

विचारलं जात नाही असंही नाही. हैदराबाद मेट्रोनं भाडं ठरवायला समिती नेमली गेली तेव्हा २०२२ मध्ये प्रवाशांकडून सूचना मागवल्या होत्या. भाडं वाढलं मी तिथे असतानाच, मे २०२५ मध्ये, दहा ते साठ रुपयांचं बारा ते पंचाहत्तर. ओरड झाल्यावर दहा टक्के सवलत देऊन अकरा ते एकोणसत्तर. म्हणजे मत मागवलं तेव्हा जे झालं नाही, ते ओरडल्यावर थोडंसं झालं. बसचं उलट. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणातल्या बायकांना महालक्ष्मी योजनेत साध्या आणि एक्सप्रेस बसचा प्रवास फुकट आहे. कंडक्टर आधार कार्ड बघून ‘झिरो टिकट’ देतो. माझं आधार महाराष्ट्राचं, त्यामुळे भरल्या बसमध्ये पैसे काढणारी बाई बहुधा मी एकटीच. मावशीच्या शेजारणी म्हणतात, बस फुकट आहे तर ट्रेन कशाला मागायची? मावशीचं उत्तर ठरलेलं. ‘फुकट आहे गं, पण बसायला कुठाय? आठ तास उभी राहून आल्यावर परत उभं राहायचं?’

९ जूनला सकाळी ऑफिसात असताना मुंब्र्याची बातमी आली. दिवा-मुंब्रा दरम्यान गर्दीच्या दोन लोकलच्या दारात लटकलेली माणसं खाली पडली, काही गेली. मी आधी घरच्या ग्रुपवर सगळ्यांची हजेरी घेतली. मध्य रेल्वे आपली नाही, आपली पश्चिम, हे माहीत असूनही घेतली. बाबा तीस वर्षं विरार गाडीत दारापासून दुसऱ्या रांगेत उभे राहतात, ती जागा त्यांना वडिलोपार्जित मिळाल्यासारखी आहे. त्याच दिवशी रेल्वेकडून मुंबईच्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं करण्याची घोषणा झाली. गर्दीबद्दलची तक्रार तर माझ्या जन्माच्या आधीपासूनची होती.

त्या संध्याकाळी सिकंदराबादहून मेडचलच्या गाडीत बसले तर डब्यात मोजून अकरा जण. खिडकीची जागा, वारा, मल्काजगिरी, सफिलगुडा अशी एकामागून एक छान नावाची स्टेशनं. मला आराम वाटायला हवा होता. वाटला नाही. मुंबईत गाडीत माणसं मावत नाहीत, इथे गाडीला माणसं सापडत नाहीत, आणि दोन्हीकडे माझ्या घरातलं माणूस कामावरून परत कसं येणार हाच प्रश्न. मुंबईची गर्दी निदान दिसते. तिची चित्रं येतात, तिच्यावर सिनेमे निघतात. रिकाम्या डब्याचा फोटो काढून कुणाला दाखवायचा? बघणारा म्हणेल, वा, मस्त!

मावशीचा प्रश्न त्याच महिन्यात टोकाला आला. तिची दुपारची ड्यूटी रात्री नऊला संपते. त्यानंतर घरी यायला एकशे चाळीस-दीडशे रुपयांची ऑटो, तीही अलवाल म्हटलं की दोघे-तिघे नकार देणार. तिनं हिशेब मांडला होता, पगाराचा किती भाग नुसता परतीवर जातो. पर्याय दोन. हॉस्पिटलजवळ भाड्याची खोली घ्यायची, किंवा चौपन्नाव्या वर्षी स्कूटी शिकायची. गुडघा दुखतो. काकांना रात्री दिसत नाही नीट, ते आणायला येऊ शकत नाहीत. नोकरी सोडण्याचा तिसरा पर्याय ती बोलून दाखवत नव्हती, पण कपाटातून पीएफची फाइल काढून टेबलावर ठेवलेली मी पाहिली.

मग एका रविवारी आम्ही अर्ज लिहायला बसलो. रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांना, इंग्लिशमध्ये, पण मजकूर मावशी मराठीत सांगणार आणि मी उतरवणार. सोबत मावशीची मैत्रीण, शेजारच्या वॉर्डातली, जन्मानं हैदराबादी मुस्लिम, बोलायला एकदम फटाका.

मावशी म्हणाली, ‘लिही, सविनय विनंती की, रात्री नऊनंतर मेडचलकडे एक गाडी द्यावी.’

मैत्रीण म्हणाली, ‘रिक्वेस्ट कायकू? डिमांड लिखो. पैसे देते ना हम.’

‘अगं, पाच रुपये देतो.’

‘पाँचच सही. फुकट तो नै.’

यावर वीस मिनिटं गेली. मावशीचं म्हणणं, मागणी युनियनवाले करतात, आपण दोघी-तिघी, आपण विनंतीच करायची. मैत्रिणीचं म्हणणं, विनंती केली की समोरचा उपकार करतो आणि उपकार कधीही परत घेता येतो. मी तीन वर्षं भाषा शिकतेय, पण एका शब्दावर कुणी इतकं मनापासून भांडलेलं मी वर्गात पाहिलेलं नाही. शेवटी मी ‘वुई नीड’ असं लिहिलं. आम्हाला गरज आहे. दोघींनी ते दोनदा वाचून घेतलं आणि हं म्हटलं.

खाली सह्या घ्यायच्या ठरल्या. रात्रपाळीच्या एकोणीस नर्सेस, दोन वॉर्डबॉय आणि कँटीनच्या आण्णांनी केल्या. बाविसाव्या सहीनंतर मावशीनं कागद किराणा दुकानदाराकडे नेला. त्यानं आधी विचारलं, इसमें मेरा क्या? मग म्हणाला, गाड़ी आयी तो दुकान रात को धा तक खुला रखता मैं, आणि पेन मागितलं.

अर्ज रजिस्टर पोस्टानं गेला. पावती मावशीनं पीएफच्या फाइलमध्ये लावली आहे. स्कूटीचे क्लास ती शनिवारपासून सुरू करतेय, चर्चच्या मागच्या मैदानावर, सकाळी मिस्सेनंतर, माणसं पांगल्यावर.